उपाशी साचा

त्या मोठ्या दवाखान्याच्या तळघरात एक खोली होती आणि तिच्या भिंतीवर पोरांची तोंडं टांगलेली असत. दचकू नका. तोंडं धडावेगळी होती हे खरं, पण होती पांढऱ्या प्लास्टिकच्या जाळीची. डोळे मिटलेले, ओठ मिटलेले, आणि एखाद्या गालाला खळी असेल तर तीही शाबूत.

त्याचं असं आहे. पोराच्या डोक्यात गाठ झाली की वरच्या मजल्यावर ती कापून काढतात. पण झाड तोडलं म्हणजे मुळं निघतातच असं नाही. उरलेली मुळं जाळायला तळघरातल्या यंत्राखाली रोज शेक द्यावा लागतो. हा शेक डोळ्यांना दिसत नाही, अंगाला लागत नाही, पण डोकं केसभर हललं तर मूळ राहतं बाजूला आणि भलतंच काही जळतं. म्हणून साचा करायचा. जाळीचा पत्रा गरम पाण्यात मऊ करायचा, पोराच्या तोंडावर ओढून धरायचा. गार झाला की पोराचं तोंड त्यात उतरलेलं. मग रोज तोच साचा चढवायचा, पाटाला खिट्ट्या मारायच्या, आणि सगळ्या मोठ्या माणसांनी बाहेर पळायचं. भिंतीएवढं जाड दार लागतं आणि आत पोर एकटं.

शेक संपले की साचा पुन्हा गरम पाण्यात. त्या पत्र्याला म्हणे आपलं मूळ आठवतं. नाक-गाल विसरून तो पुन्हा सपाट होतो आणि पुढच्या पोराच्या वाटेला जातो. श्रीमंतांच्या गावी एका तोंडाला एक पत्रा असतो. इथं एकेका पत्र्यानं इतकी तोंडं पाहिली होती की त्याला तोंडपाठ झाली असतील.

हे साचे करणाऱ्याला सगळे साचेमामा म्हणत. मामा म्हणजे थापांचा कारखाना, आणि कारखान्याला सुट्टी नाही. एकदा आपण वाऱ्याचा साचा केला होता आणि तो अजून कपाटात शिट्ट्या मारतो, हे तो इतक्या गंभीरपणे सांगायचा की नव्या परिचारिका कपाट उघडून बघायच्या. या थापांवर तळघर चालत होतं, ही मात्र थाप नाही. लहान पोरांना निपचित ठेवायला भूल लागते, आणि अख्ख्या दवाखान्यात भूल देणारा डॉक्टर एक. तो वर ऑपरेशनांना पुरत नव्हता, तळघरात कुठून येणार? तेव्हा खाली भूल द्यायचा तो मामाच. बाहेरच्या काचेसमोर बसून माइकवरून गोष्ट लावायचा, आणि यंत्र थांबेपर्यंत पोर पापणीसुद्धा हलवायचं नाही.

मिरी आली तेव्हा नुसती तोल जाऊन पडत होती. मिरी हे तिच्या आजोबांनी ठेवलेलं नाव. अंगानं चिमूटभर, जिभेला झणझणीत. ऑपरेशनच्या आधी सकाळी उठली की ओकायची, आणि गावातल्या डॉक्टरानं पोट बिघडलंय म्हणून वर्षभर पोटाची औषधं दिली होती. गाठ डोक्यात, औषध पोटात. बाप परमुलखात कामाला, आई तान्ह्यात गुंतलेली, म्हणून आजोबाच तिला घेऊन आले होते. आजोबा कुलूपवाले. अडलेलं कुलूप कानाला लावून, डोळे मिटून, आत तार फिरवायची आणि खट्ट झालं की हसायचं, हा त्यांचा धंदा. माणसाच्या बोलण्यापेक्षा लोखंडाच्या आवाजावर त्यांचा विश्वास जास्त.

पहिल्या दिवशी मिरीनं साचा घालू दिला नाही. चावली. मग मामानं थाप काढली. तो तिच्या कानाशी म्हणाला की हा साचा उपाशी आहे, आणि त्याला दुसरं काही चालत नाही, फक्त गाठीची मुळं. रोज घासभर खातो. तू हललीस की त्याचा घास सांडतो. पोट भरलं की आपणहून ढेकर देईल, त्या दिवशी सुटलीस.

मिरीनं विचारलं, त्याला दात कुठायत? मामा म्हणाला, चघळतो. तिला ते पटलं. आजोबा शेजारीच उभे होते, त्यांनाही पटलेलं दिसलं. काम पुरं झालं की आवाज येतो, यात कुलूपवाल्याला नवल ते काय वाटणार?

दिवस गेले. मिरी शहाण्यासारखी पडून राहायची. डोक्यातल्या सुजेचं औषध ऑपरेशनपासून चालू होतं, त्यानं तिचं तोंड भाकरीसारखं फुगलं होतं, आणि साच्यातलं तोंडही तसंच फुगीर. तिची चाल सुधारली, उरलंसुरलं ओकणंही थांबलं. आजोबा मात्र वाकत चालले. नातेवाइकांची खोली कायम भरलेली, त्यामुळे आजोबा-नात जिन्याखाली झोपायची. रात्रभर डोक्यावरून लोकांच्या चपला. गावाकडं दुकानाला कुलूप, आणि कुलूपवाल्याच्याच दुकानाला कुलूप म्हटल्यावर गाव काय हसणार ते सांगायला नको.

शेक निम्मे झाले असतील नसतील, एके दिवशी यंत्र थांबता थांबता, आतला आवाज बाहेर आणणाऱ्या कर्ण्यातून मोठा, भरघोस ढेकर ऐकू आला. बाकावरची माणसं हसली. मामा तर इतका हसला की खुर्चीवरून घसरला. आजोबा हसले नाहीत. ते कर्ण्याकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी बाक रिकामा होता. जिन्याखालचं अंथरूणही नव्हतं.

तळघराच्या डॉक्टरीणबाईंना सगळे मोठ्या बाई म्हणत. त्यांनी फोन लावून पाहिला. नंबर गावातल्या एका शिंप्याचा होता आणि तो कायम बंद. बाई संतापल्या नाहीत, हेच वाईट. त्या हळू आवाजात म्हणाल्या की अर्ध्यावर सोडलं तर जे उरलंय ते पुन्हा धरणार, आणि जितका खंड तितकी ती गाठीची चैन. मग त्यांनी मामाकडे नुसतं बघितलं. ढेकराची थाप कोणाची ते त्यांना माहीत होतं.

त्यात यंत्र बिघडलं. दुरुस्तीवाला लांबून यायचा होता. नवे पत्रे बंदरावर अडकलेले. आणि वरच्या मजल्यावर गिरणीवाल्याचा पोरगा ऑपरेशन होऊन साच्याची वाट बघत पडलेला. बाईंनी सांगून टाकलं, "मामा, यंत्र सुरू झालं की मिरीचा साचा पाण्यात जाईल. त्या पोराला मी थांबवू शकत नाही."

मामा हो म्हणाला. आणि तेव्हापासून साचा त्याला सुखानं बसू देईना.

यंत्र बंद, त्यामुळे तळघर सुनसान. बाकीचे साचे भिंतीवर निमूट. मिरीचा मात्र खुंटीवर वळलेला असायचा, दाराकडे तोंड करून. मामानं तो भिंतीकडे वळवून ठेवला, चहा पिऊन आला, तर पुन्हा दाराकडे. खिडकीचा वारा असेल म्हणावं तर तळघराला खिडकी नव्हती. दुपारी मामा डबा खायला बसला आणि त्याला मागून चघळल्याचा आवाज आला. त्यानं घास तोंडातच धरून ठेवला. आवाज चालूच. वळून पाहिलं, तर भिंत गप्प. जन्मभर दुसऱ्यांना थापा मारून खाल्लेला माणूस. आपल्याच थापेपुढं डबा तसाच ठेवून उठला. साच्याचं तोंड मिटलेलं होतं, पण उपाशी माणसाचं मिटलेलं तोंड वेगळं दिसतं.

दुरुस्तीवाला येईपर्यंत हाताशी वेळ होता. मामानं साचा पंच्यात गुंडाळला आणि बस धरली.

बसमध्ये भर उन्हात पंचा मांडीवर घेऊन तो बसला. शेजारच्या बाईनं कौतुकानं वाकून बघितलं आणि नंतर जागाच बदलली. कंडक्टर म्हणाला, "बाळाचं अर्धं तिकीट काढायला लागेल, काका." मामानं पंचा उघडून दाखवला. त्या जाळीच्या तोंडाकडे बघून कंडक्टरचा विनोद जागच्या जागी विरला, आणि तो पुढं कोणाचंच तिकीट न तपासता दारात जाऊन उभा राहिला. नाकावरचं कापड वरखाली होत होतं. मामानं खिडकी लावून घेतली. कापड वरखाली होतच राहिलं. एका खेड्याच्या थांब्यावर तर साचा त्याच्या मांडीवर जड झाला, झोपलेलं पोर जड होतं तसा. हे मामानं पुढं शंभरदा सांगितलं, आणि आश्चर्य म्हणजे दर वेळी तसंच सांगितलं. त्याच्या थापा कधी दोनदा सारख्या नसत.

कुलपाचं दुकान बाजाराच्या टोकाला होतं. छतापासून किल्ल्यांचे जुडगे लोंबत होते, आणि त्यांच्याखाली मिरी जुनी कुलपं एकावर एक रचून मनोरा करत बसली होती. हात स्थिर. तोंडावरची सूज उतरून हनुवटी टोकदार दिसत होती. आजोबांनी हातातलं काम टाकून मामाला बसायला स्टूल दिलं, चहा मागवला, आणि नातीला सांगितलं की धावून दाखव. ती रस्त्याच्या टोकापर्यंत धावून आली. बघणाऱ्याला वाटलं असतं, हिला काही झालंच नव्हतं.

मामानं सांगायला सुरुवात केली. शेक अर्धेच झालेत. हे बरं दिसणं वरवरचं आहे. मुळं आत आहेत.

आजोबा शांतपणे म्हणाले, "ढेकर मी या कानांनी ऐकलाय."

आली का पंचाईत. साचा काही खात-बित नाही म्हणावं, तर म्हातारा विचारणार, मग इतके दिवस पोरीला खिट्ट्या मारून करत काय होता? थापा मारणाऱ्यांच्या दवाखान्यात तो पुन्हा पाऊल टाकणार नाही. आणि ढेकर खोटा म्हणावं, तर पोरीला आजोबांसमोर लबाड ठरवायचं. आजोबांना लबाडी खपत नव्हती. एका किल्लीच्या दोन किल्ल्या करून मागणाऱ्याला ते दुकानाची पायरी चढू देत नसत.

तेव्हा मामानं पंचा उघडला आणि साचा कुलपांच्या फळीवर ठेवला.

"उपाशी आहे," तो म्हणाला. "म्हणून घेऊन आलो."

मिरीचा मनोरा कोसळला. ती लगेच पुढं आली नाही. लांबूनच तिनं विचारलं, "त्यानं मला ओळखलं?"

"तूच विचार."

ती फळीपाशी आली. आपलंच सुजलेलं तोंड तिनं डोळे मिटलेलं पाहिलं. मग कान त्याच्या ओठांना लावला. बाजारात कोणीतरी बादली आपटली, कुत्रं भुंकलं, आणि ती हलली नाही. तिला न हलण्याची सवय होती. कान काढला तेव्हा तिचा रंग उतरला होता.

"आजोबा," ती म्हणाली, "हा पोकळ वाजतोय."

आजोबांनी साचा उचलला. नखानं एकदा गालावर वाजवला. मग अडलेलं कुलूप धरावं तसा कानाला लावला आणि डोळे मिटले. दुकानात गिऱ्हाईक येऊन उभं होतं, तेही श्वास रोखून उभं राहिलं. त्यांनी काय ऐकलं ते त्यांनी कधीच सांगितलं नाही. साचा खाली ठेवून ते फळीवरची कुलपं पेटीत भरायला लागले. गिऱ्हाइकानं विचारलं, उद्या येऊ का? आजोबा म्हणाले, उद्या नाही, आणि कधी तेही सांगता येत नाही.

परतीच्या बसमध्ये मिरी आजोबांच्या मांडीवर झोपली आणि साचा मामाच्या. मग आजोबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "कुलपांच्या ढिगातून एकाचा खटका ओळखणारा माणूस मी. पोरीचा ढेकर ओळखणार नाही?"

मामानं त्यांच्याकडे मान वळवली.

"तेव्हाच ओळखला होता. पण पाठ मोडून गेली होती, मामा. ही नीट चालायला लागली होती. म्हटलं, असेल. पोर म्हणतेय तर असेल." त्यांनी नातीच्या टाळूवरून हात फिरवला, जिथं केस अजून आले नव्हते तिथून. "तिला घरी यायचंच होतं. पण तिच्यापेक्षा मला जास्त यायचं होतं."

मामाला यावर एखादी थाप सुचायला हवी होती. त्यानं फक्त पंचा नीट केला, कारण नाकावरचं कापड पुन्हा हलायला लागलं होतं.

यंत्र सुरू झालं होतं. मोठ्या बाईंनी आजोबांना एक शब्द विचारला नाही. त्यांनी मिरीला पाटावर निजवलं आणि मामानं साचा चढवला. तर साचा खुळखुळला. गाल आणि जाळी यांच्यामध्ये बोट जात होतं. सूज उतरलेलं तोंड लहान आणि साचा मोठा. ज्या तोंडासाठी मामानं भिंतीवर जागा राखली, बस धरली, ते तोंड आता कोणाचंच नव्हतं. बाई म्हणाल्या, नवा करा, याच पत्र्याचा.

मिरीला बघायचंच होतं. मामानं पाण्याचं भांडं झाकलं नाही. साचा आत सोडला. आधी खळी गेली. मग गाल बसले, मग नाक. ओठ तेवढे उशिरापर्यंत राहिले, आणि ते पुसताना बुडबुड्यांची एक सर वर आली.

"ती कोण होती?" मिरीनं विचारलं.

"तूच."

"मी नव्हे," ती म्हणाली. "मी तर इथंय."

आजोबांना वेगळंच पडलं होतं. त्यांनी विचारलं की आजवर साच्यानं खाल्लेलं गेलं कुठं. मामा म्हणाला, पाण्यात, आणि पाणी रोज बदलतो. म्हातारा तिथून दोन पावलं मागं सरला.

मिरीचं नवं तोंड गार होत असताना मामा कपाटाकडे गेला. कपाटाच्या मागं, शिट्ट्या मारणाऱ्या वाऱ्याच्या जागी, एक साचा दडवलेला होता. बोबड्याचा. बोबड्या म्हणजे र म्हणता न येणारं एक पोर, कधीतरी शेक अर्ध्यावर सोडून गेलेलं. साचा तडकला म्हणून टाकला, असं मामानं बाईंना सांगितलं होतं. जागा राखली तर पोर परत येईल अशी त्याची समजूत. आता त्यानं साच्यावरची धूळ पुसली आणि पाहिलं, की बोबड्या दारातून आत आला तरी हे तोंड घेऊन येणार नाही. त्यानं तो बाईंसमोर नेऊन ठेवला. "गिरणीवाल्याच्या पोरासाठी," म्हणाला. बाईंनी साच्याकडे पाहिलं, मामाकडे पाहिलं, आणि पाणी तापत ठेवायला सांगितलं.

हा पत्रा लवकर सपाट होईना. मामानं चिमट्यानं दाबून धरला, तरी हनुवटी वर येई. अखेर तोही विसरला. गिरणीवाल्याचं पोरगं त्यानंतर काही दिवस बोबडं बोलायला लागलं होतं, असं त्याची आई सांगते. आता आयांचं काय, त्या काहीही सांगतात. पण बाईंनीही ते ऐकलं होतं.

मिरीचे राहिलेले शेक सुरू झाले. बाईंनी आजोबांना समोर बसवून स्वच्छ सांगितलं. खंड पडायला नको होता, तो पडला. शेक पुरे करू, वर थोडे जास्त देऊ. मग दर थोड्या महिन्यांनी येऊन डोक्याचे फोटो काढायचे. मुळं मेली की राहिली ते फोटोच सांगतील, आणि एक फोटो सांगून भागायचं नाही. आजोबांनी मान हलवली आणि जिन्याखाली अंथरूण घातलं. या वेळी मोठ्या बाईंनी कुठून तरी एक गादी पाठवली. बाईंनी पाठवली हे कोणाला सांगायचं नाही, असंही कळवलं.

शेवटच्या दिवशी तळघरात बाकावर जागा नव्हती. गिरणीवाला आला, त्याचं पोरगं आलं, वरच्या परिचारिका खाली आल्या. सगळ्यांना ढेकर ऐकायचा होता. मिरीनं आधीच सांगून ठेवलं होतं की ती देणार नाही. आजोबांना तिनं शब्द दिला होता. साचा देईल तर देईल.

दार लागलं. मामानं गोष्ट लावली, पण आज त्याचं लक्ष गोष्टीत नव्हतं. यंत्र गुणगुणलं, फिरलं, थांबलं. कर्ण्याला कान लावून आजोबा उभे. काही नाही. कोणीतरी खोकलं, त्याला बाकीच्यांनी डोळे वटारले. बाई दार उघडायला हात पुढं करत होत्या, तेवढ्यात आला. लांबलचक नाही, भरघोस नाही. एक लहानसा, खोल, दमलेला ढेकर.

गिरणीवाल्यानं टाळ्या वाजवल्या. दार उघडलं. मामानं खिट्ट्या काढल्या, साचा उचलला. मिरीच्या गालांवर जाळीचे चौकोन उठले होते.

"मी नाही दिला," ती म्हणाली.

"माहीत आहे," आजोबा म्हणाले. "तुझा मी ओळखतो."

सगळे हसले, दोघांखेरीज. आजोबांनी मामाला बाजूला घेतलं आणि अगदी हळू विचारलं, "मामा, ढेकर भरल्या पोटी येतो, तसा रिकाम्या पोटीही येतो. हा कुठला होता?"

"भरल्या," मामा म्हणाला. लगेच म्हणाला.

आजोबांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं, अडलेल्या कुलपाकडे बघावं तसं. मग त्यांनी नातीचं बोट धरलं आणि दोघं जिना चढून गेली. फोटोच्या तारखेला ती येतात. आजवर आली आहेत.

त्या दुपारी मामानं पाणी तापत ठेवलं. साचा आत सोडण्याआधी त्यानं भोवताली कोणी नाही ना ते पाहिलं, आणि कान त्याच्या ओठांना लावला. काय ऐकलं ते तुम्ही त्याला विचारा. तो सांगतो. दर वेळी वेगळं सांगतो.